बर्फात अडकलेले चाक : ईरी सरोवरावरच्या सुरुवातीच्या आगबोटींना नेमका धोका कशाचा होता?

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांवर चालणाऱ्या आगबोटींना हिवाळ्यातील बर्फाचा धोका नेमका कोणत्या स्वरूपाचा होता, आणि वाफेचे इंजिन असूनही त्या बर्फ फोडून पुढे का जाऊ शकत नव्हत्या? माझी बरीचशी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली आणि तिच्यात सेंट लॉरेन्स नदी व ग्रेट लेक्स येथील मोसमाच्या अखेरच्या फेऱ्याही होत्या. त्यामुळे या प्रश्नाकडे मी यंत्राच्या बाजूने पाहतो, आणि माझ्या मते त्याचे खरे उत्तरही तिथेच सापडते.

‘बर्फ आणि जहाज’ म्हटले की बहुतेकांच्या मनात हिमनग येतो. तो आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण या सरोवरांत हिमनग नसतात. दुसरी गोष्ट, ऐन हिवाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, त्या काळच्या बोटी सरोवरावर नसतच. कोकण किनाऱ्यावरील आगबोटी जशा पावसाळ्यात बंद राहत, तशा या बोटी साधारण डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बंदरात बांधलेल्या असत. धोका होता तो मोसमाच्या दोन कडांवर : नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ‘आणखी एक फेरी होईल’ असे वाटण्याच्या दिवसांत, आणि वसंतात, बर्फ पुरता सुटण्याआधीच पहिली बोट निघे त्या दिवसांत. बर्फाचे जे काही नुकसान चालत्या बोटींनी सोसले, ते मुख्यतः या थोड्या आठवड्यांत सोसले.

उदाहरण म्हणून ईरी सरोवर घेतो, कारण ‘वॉक-इन-द-वॉटर’ ही नायगाराच्या वरच्या सरोवरांवरील पहिली आगबोट १८१८ मध्ये याच सरोवरावर धावू लागली, आणि बर्फाच्या दृष्टीने पाचही सरोवरांत हेच अधिक अडचणीचे आहे. गोडे पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी त्या तापमानाला उतरल्याशिवाय पृष्ठभाग सहसा गोठू लागत नाही. सुपीरियर सरोवराची सरासरी खोली सुमारे १४७ मीटर आहे, ऑन्टॅरिओची सुमारे ८६ मीटर, आणि ईरीची अवघी १९ मीटर. म्हणून ऑन्टॅरिओचा मध्यभाग बहुतेक हिवाळ्यांत मोकळा राहतो, तर ईरी थोड्याच दिवसांच्या कडाक्यात काठापासून काठापर्यंत गोठू शकते. तिचा पश्चिमेकडील उथळ भाग सर्वांत आधी गोठतो आणि वसंतात सुटतोही आधी. आणि गोड्या पाण्याच्या बर्फात मिठाचे द्रावण अडकलेले नसल्याने तो समुद्राच्या तितक्याच जाड बर्फापेक्षा कठीण आणि टणक असतो, ही गोष्ट समुद्रावरून आलेल्या खलाशांना पहिल्याच मोसमात कळत असे.

खरा शत्रू बर्फाइतकाच वारा आहे. ईरी सरोवर नैऋत्य-ईशान्य असे लांबट पसरलेले आहे आणि तिथला प्रमुख वाराही साधारण त्याच दिशेने वाहतो. वसंतात पश्चिमेकडे सुटलेला बर्फ हा वारा पूर्व टोकाकडे, म्हणजे बफेलो बंदराकडे आणि नायगारा नदीच्या मुखाकडे लोटत नेतो. तिथे सरोवर निमुळते होते आणि बर्फाला जायला जागा उरत नाही. एक ढोबळ हिशेब मांडतो. ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेगाचा वारा बर्फाच्या एका चौरस किलोमीटरवर साधारण ६० टनांचा आडवा रेटा देतो. असा बर्फ ५० किलोमीटर लांब पसरलेला असेल, तर त्याच्या पुढच्या कडेवर दर मीटर रुंदीला सुमारे ३ टन भार येतो. त्या कडेत ४० मीटर लांबीची लाकडी बोट आडवी, म्हणजे बर्फाकडे बाजू करून सापडली, तर तिच्यावर १२० टनांचा रेटा आला. हा रेटा सारखा वाटला गेला असता तर चांगल्या ओकच्या बरगड्यांनी तो कदाचित पेललाही असता. पण बर्फ भार कधीच सारखा वाटून देत नाही. तुकडे एकमेकांवर चढतात, त्यांचे बांध तयार होतात आणि त्यातला एखादा बांध दोन-तीन बरगड्यांवरच सगळा जोर आणून टेकतो. बोट फुटते ती तिथे.

या बर्फाचे प्रमाण किती असते, हे १८४८ च्या मार्चअखेरीस साऱ्या जगाला दिसले. सरोवरातून सुटलेला बर्फ नायगारा नदीच्या मुखाशी इतका दाटला की नदीचे पाणीच अडले आणि नायगाराचा धबधबा एका दिवसाहून अधिक काळ जवळजवळ कोरडा पडला. लोक नदीच्या उघड्या पात्रात उतरून फिरले. जो बर्फ नायगारासारख्या नदीला थोपवू शकतो, त्याच्यापुढे तेव्हाचे इंजिन किती टिकणार? हे नदीमुख दुसऱ्या अंगानेही वाईट होते. ‘वॉक-इन-द-वॉटर’ बफेलोजवळ नायगारा नदीच्या काठावरील ब्लॅक रॉक येथे बांधली गेली, पण तिथला प्रवाह चढून सरोवरात येण्याइतके बळ तिच्या इंजिनात नव्हते. तिला वर ओढून आणायला काठावरून बैल लावावे लागत. अशा बोटीचे इंजिन मुखाजवळच्या तरत्या बर्फात बंद पडले, तर ती बर्फाबरोबर कोणत्या दिशेला जाईल हे प्रत्येक कप्तानाला ठाऊक होते.

मग अशा वेळी बोटी निघतच का? याचे कारण व्यापारात आहे. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि न्यूयॉर्कहून येणारा माल व पश्चिमेला वस्ती करायला निघालेली कुटुंबे बफेलोला येऊन थांबू लागली. वसंतात क्लीव्हलँड, सॅन्डस्की, डेट्रॉइट ही पश्चिमेची बंदरे मोकळी झालेली असत आणि बफेलो मात्र एप्रिलअखेरपर्यंत, एखाद्या वर्षी मेमध्येही, बर्फाने बंद असे. एकाच सरोवराच्या दोन टोकांत काही आठवड्यांचा हा फरक फार फसवा होता. पश्चिमेहून निघालेल्या बोटीला बहुतेक वाटभर मोकळे पाणी मिळे, प्रवासी डेकवर उन्हात बसलेले असत, आणि शेवटच्या काही मैलांत समोर पांढरी भिंत उभी राही. त्या क्षणी वारा नैऋत्येकडून असेल तर मागचे मोकळे पाणीही थोड्या तासांत तरत्या बर्फाने भरून जाई. बफेलो डोळ्यांसमोर दिसत असताना बोटीने दिवसचे दिवस अडकून पडावे आणि प्रवाशांनी सामान खांद्यावर घेऊन बर्फावरून चालत किनारा गाठावा, असे प्रसंग त्या काळात येत. बर्फावरून चालणे हे सोडवणुकीचे साधन असले तरी त्यातही मोठी जोखीम होती, कारण वारा फिरला की तोच बर्फ किनाऱ्यापासून तुटून सरोवरात परत निघतो.

आता बोटीच्या रचनेकडे येतो. प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे ‘बर्फ फोडून का जात नसत’, इथे सुटतो.

सुरुवातीच्या सरोवरी आगबोटी दोन्ही बगलांना मोठी पॅडल-चाके असलेल्या होत्या. बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, बर्फात जी वाट फोडते, ती फार तर बोटीच्या सांगाड्याइतकी रुंद असते. चाके मात्र त्या सांगाड्याच्या बाहेर, डावी-उजवीकडे असतात. म्हणजे नाळेने कितीही चांगला बर्फ फोडला तरी चाकांच्या वाट्याला न फुटलेल्या बर्फाची कडाच येते. ही एकच गोष्ट लक्षात घेतली तरी बाकीचे पुष्कळसे आपोआप समजते. बगलेच्या चाकाची बोट ही बर्फातून जाण्यासाठी मुळातच उलटी रचना आहे : जो भाग सर्वांत नाजूक, तोच सर्वांत रुंद जागी आणि नेमका पाण्याच्या पृष्ठभागाशी, जिथे बर्फ तरंगतो तिथे.

चाकाच्या आऱ्यांवर लाकडी फळ्या लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी बसवलेल्या असत. फळी तुटणे हे त्यातल्या त्यात स्वस्त नुकसान होते. बर्फाच्या दिवसांत बोटीवर जादा फळ्या ठेवत, आणि खलाशी चाकाच्या घरात उतरून, ओल्या आऱ्यांवर पाय रोवून, कडाक्याच्या थंडीत त्या बदलत. चाक थोडेही फिरले तर माणूस संपला, अशी ती जागा. यंत्राच्या दुरुस्तीत मी ज्या अवघड जागा पाहिल्या आहेत, त्यांत याहून वाईट जागेची कल्पना मला करवत नाही, आणि हे काम करणाऱ्या माणसांची नावे सहसा कुठे नोंदली गेलेली नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते.

फळी तुटली नाही तर तो धक्का पुढे जाई, आऱ्याला, मग चाकाच्या लोखंडी मध्यभागाला, मग मुख्य आसाला. दोन्ही चाके एकाच आसावर असतील आणि डावे चाक बर्फाच्या जाड तुकड्यावर आपटून क्षणभर अडले, उजवे मात्र मोकळ्या पाण्यात जोराने फिरू पाहत असेल, तर आसाला पीळ बसतो. त्या काळचे ओतीव आणि घडीव लोखंड एकजिनसी नसे. त्यात धातुमळीचे थर आणि पोकळ्या राहत, फॉस्फरसचे प्रमाण जास्त असलेले लोखंड थंडीत अधिक ठिसूळ होते, आणि आतला दोष बाहेरून तपासण्याचे साधन हातोडीच्या आवाजाखेरीज काही नव्हते. आस मोडला की बोटीची हालचालच संपली. एक चाक निकामी झाले तर बोट दुसऱ्या चाकाच्या जोराने गोल फिरू लागते आणि बर्फाकडे नाळेऐवजी बाजू करते, आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

चाकांना आधार देण्यासाठी आणि डेक रुंद करण्यासाठी या बोटींना सांगाड्याबाहेर झुकलेले सज्जे असत. पसरट बर्फ या सज्ज्यांखाली शिरतो आणि मागचा रेटा वाढला की त्यांना खालून उचलतो. सज्जा आणि बरगडी जिथे जोडलेली असते तिथले सांधे उघडतात, आणि तिथून पाणी येऊ लागले तर ती गळती आतून शोधणेही कठीण जाते.

अडकलेल्या बोटीला मागे घेऊन पुन्हा धडक मारावी, असे कोणालाही सुचेल, आणि तसे करतही असत. पण मागे येताना सुकाणू सर्वांत पुढे येते. तुकड्यांनी भरलेल्या पाण्यात ते एका बाजूला ढकलले गेले की त्याच्या बिजागऱ्या उपटतात किंवा साखळ्या तुटतात. म्हणून शहाणा कप्तान धडक मारण्यापेक्षा कुऱ्हाडी आणि करवती घेऊन माणसे बर्फावर उतरवणे पसंत करी. त्या कामाला वेळ लागे आणि वेळ हीच या बोटींकडे सर्वांत कमी असलेली गोष्ट होती, तिच्याकडे पुढे येतो.

सांगाड्याबद्दल एक मुद्दा नेहमी निसटतो. जाड बर्फ दिसतो आणि माणूस सावध होतो, पण नोव्हेंबरअखेरीस एका शांत रात्रीत धरलेला बोटभर जाडीचा नवा बर्फ लाकडी बोटीला अधिक सातत्याने खातो. त्याची कडा धारदार असते आणि बोट ताशी बारा-तेरा किलोमीटर वेगाने जाताना ती कडा मैलोन्‌मैल एकाच रेषेवर, जलरेषेवर, घासत राहते. फळ्यांच्या सांध्यांत डांबरात भिजवलेला ताग ठासलेला असतो. बर्फ आधी फळीची कड झिजवतो आणि मग तो ताग ओढून काढतो. वरून बोट ठाकठीक दिसते आणि तळघरात पाणी चढू लागते. यावर उपाय म्हणजे नाळेशी जलरेषेच्या पट्ट्यात जादा फळ्यांचे किंवा लोखंडी पत्र्याचे आवरण ठोकणे. तसे आवरण नसताना मोसमाच्या शेवटी निघणे म्हणजे उधारीवर प्रवास करणे होय, असे मी म्हणेन.

इंजिनरूममधला धोका बाहेरून कोणाला दिसत नाही. या सरोवरांवरील सुरुवातीची अनेक इंजिने कमी दाबाची होती. त्यांत सिलिंडरमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये सरोवराच्या थंड पाण्याच्या फवाऱ्याने थिजवली जाई आणि त्यामुळे होणाऱ्या निर्वातातून इंजिनाचे बरेचसे बळ मिळे. म्हणजे बाहेरून पाणी आत येण्याचे छिद्र हे त्या इंजिनाचा प्राण होते. उघड्या पाण्यावर स्वच्छ, वाऱ्याच्या, कडाक्याच्या रात्री पाणी शून्याच्या किंचित खाली जाते आणि त्यात बारीक चकत्यांसारखे बर्फाचे कण तयार होतात. इंग्रजी-फ्रेंच खलाशी त्याला फ्रेझिल म्हणत. हे कण ज्याला लागतील त्याला चिकटतात, विशेषतः थंड लोखंडी जाळीला. थोड्याच वेळात छिद्र लगद्याने बंद होते, निर्वात उतरतो आणि इंजिन धापा टाकू लागते. हा प्रकार मी आधुनिक जहाजावर अनुभवला आहे. आज आम्ही इंजिन थंड करून आलेले कोमट पाणी पुन्हा पाणी घेण्याच्या पेटीत सोडतो आणि जाळी मोकळी ठेवतो. तेव्हाच्या इंजिनियरकडे लांब सळई, उकळत्या पाण्याची बादली किंवा बॉयलरमधून सोडलेली वाफ एवढीच साधने होती. सरोवर पुरते गोठले की फ्रेझिल बनत नाही, ते बनते मोकळ्या पाण्यात, म्हणजे बोटी चालू असण्याच्या दिवसांतच.

आता वेळेचा प्रश्न. सुरुवातीच्या बोटी लाकूड जाळत आणि ते ठिकठिकाणच्या धक्क्यांवरून भरून घेत. लाकूड कॉर्डमध्ये मोजत, एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, आणि मोठ्या बोटीला दिवसाला कित्येक कॉर्ड लागत. पुढच्या धक्क्यापर्यंत पुरेल एवढेच लाकूड घेऊन निघालेली बोट बर्फात अडकली की इंजिनियरपुढे दोन्हीकडून कोंडी उभी राही. आग विझवावी तर नळांतले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचे नळ, झडपा व पंप तडकवते. आग चालू ठेवावी तर पुढे सरकण्यासाठी लागणारे इंधन जागच्या जागी जळून जाते, आणि त्याच आगीवर प्रवाशांची ऊबही अवलंबून असते. अडकलेली बोट बुडाली नाही तरी तिची सुटका बर्फ सुटण्यावर नव्हे, तर लाकूड किती दिवस पुरते यावर ठरे.

नोव्हेंबरच्या वादळांत याच्या जोडीला तुषारांचा बर्फ येई. लाटांचे पाणी डेकवर, दोरांवर, चाकाच्या घरांवर उडून तिथेच गोठते. वाऱ्याकडच्या बाजूला ते अधिक साठते आणि बोट त्या बाजूला कलते. कोणत्याही जहाजाला हे वाईट, पण बगलेच्या चाकांच्या बोटीला त्याची शिक्षा दुप्पट होते. एक चाक खोल बुडून जड फिरते, दुसरे पाण्याबाहेर येऊन नुसते हवेत फिरते, बोट सुकाणूला जुमानत नाही, आणि पंपाने पाणी उपसून या वजनापासून सुटका होत नाही. कुऱ्हाडी आणि लाकडी मोगऱ्या घेऊन बर्फ तोडत राहणे एवढाच इलाज असतो, तोही घसरड्या डेकवर, अंधारात.

ईरीबाहेरचे एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण तिथे लोभ उघडपणे ठरवून दिलेला होता. मिसिसिपी नदी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या सीमेवर रुंदावून लेक पेपिन हे सुमारे ३५ किलोमीटर लांबीचे सरोवर बनते. तिथे प्रवाह मंद असल्याने नदी मोकळी झाल्यावरही या सरोवराचा बर्फ आणखी काही दिवस, कधी दोन-दोन आठवडे, टिकतो. वसंतात सेंट पॉलला पोचणाऱ्या पहिल्या बोटीला त्या मोसमापुरते धक्क्याचे भाडे माफ होत असे. त्यामुळे सरोवराच्या खालच्या टोकाला, रीड्स लँडिंग येथे, बोटींची रांग लागे आणि काठाशी बर्फ थोडा सैल होऊन फट पडली की एखादी आत घुसे. १८५७ मध्ये पहिली बोट सेंट पॉलला पोचायला १ मे उजाडला. वारा फिरून ती फट मिटली की आत घुसलेली बोट काठ आणि बर्फ यांच्यामध्ये दाबली जाई. मला यात कप्तानाच्या धाडसापेक्षा भाडेमाफीची ती पद्धत अधिक दोषी वाटते.

बांधून ठेवलेल्या बोटीही सुरक्षित नसत. बर्फाचा थर तापमान बदलले की आकुंचन-प्रसरण पावतो. एक किलोमीटर लांबीचा थर दहा अंशांनी तापला तर साधारण अर्धा मीटर वाढतो आणि ती वाढ काठावरच्या धक्क्यावर व त्याला बांधलेल्या बोटीवर येते. म्हणून बोटीभोवतीचा बर्फ करवतीने कापून मोकळी चर ठेवत आणि ती हिवाळाभर पुन्हा पुन्हा कापत. बॉयलर, नळ आणि पंप पूर्ण रिकामे करत. शॅम्प्लेन सरोवरावर शेल्बर्नच्या आडोशाच्या खाडीत बोटी हिवाळ्यासाठी नेऊन ठेवत, ते यासाठीच. अशा आडोशाशिवाय बांधलेल्या बोटींचे काय होते हे सेंट लुईसने २७ फेब्रुवारी १८५६ रोजी पाहिले. मिसिसिपीचा गोठलेला थर एकाएकी सुटून वाहू लागला आणि धक्क्यावरच्या अनेक आगबोटी एकमेकींवर चेपून चिरडल्या गेल्या. त्यांतली एकही चालू नव्हती.

यातून सुटका झाली ती इंजिन मोठे करून नव्हे, तर चाक हलवून. १८४१ मध्ये ऑस्विगो येथे ‘व्हँडेलिया’ ही ग्रेट लेक्सवरील पहिली स्क्रू-प्रोपेलरची बोट बांधली गेली. प्रोपेलर पाण्याखाली, बोटीच्या मागे आणि तिच्या रुंदीच्या आत असतो, त्यामुळे नाळेने फोडलेली वाट त्याला उपयोगी पडते. पाती तेव्हाही तुटत, पण बोट बर्फाच्या कडेला बगल दाखवून हतबल होत नसे. पुढे १८८८ मध्ये मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांना जोडणाऱ्या मॅकिनॅक सामुद्रधुनीत रेल्वेचे डबे नेणाऱ्या ‘सेंट इग्नेस’ या लाकडी बोटीला जहाजरचनाकार फ्रँक कर्बी यांनी नाळेखालीही एक प्रोपेलर बसवला. तो बर्फाच्या खालचे पाणी ओढून घेतो, आधार गेलेला बर्फ बोटीच्या वजनाने खचतो आणि तुकडे पाण्याच्या लोटाबरोबर बगलेने मागे जातात. रशियाचे अ‍ॅडमिरल मकारोव्ह यांनी या सामुद्रधुनीतल्या बोटींचा अभ्यास केला, आणि त्यांच्या ‘येरमाक’ या बर्फफोड्या जहाजालाही आधी असाच पुढचा प्रोपेलर होता. ध्रुवीय समुद्राच्या जाड बर्फात तो टिकेना, म्हणून १८९९ च्या चाचण्यांनंतर तो काढून टाकावा लागला. सरोवरांच्या बर्फाला मात्र ती रचना मानवली, आणि १९११ मध्ये बांधलेली ‘चीफ वावाटम’ ही बोट नाळेखालच्या प्रोपेलरसह १९८४ पर्यंत त्याच सामुद्रधुनीत काम करत राहिली.